घरच्या लहान लेथवर बुश कापून वेगळा करण्याची रीत

कडबाकुट्टी यंत्राचा खडखडाट वाढू लागला आणि चाक फिरवताना शाफ्ट वरखाली हलू लागला, की आतील बुश झिजला आहे असे समजावे. बुश म्हणजे ज्या नळीत शाफ्ट फिरतो ती गनमेटलची किंवा बिडाची नळी. वस्तू मुठीत मावण्याएवढी लहान. पण ती झिजली की फिरते पाते आणि समोरची स्थिर पट्टी यांमधील अंतर बिघडते. कडबा कापला जाण्याऐवजी चेंगरला जातो, जनावरे तो नीट खात नाहीत, आणि एखाद्या वेळी पाते पट्टीवर आदळून मोडण्याचाही संभव असतो. अशा वेळी तालुक्याच्या गावी खेप घालावी, तेथे दुरुस्तीच्या दुकानात नंबर लागेपर्यंत थांबावे, आणि तोपर्यंत गोठ्यात अख्खा कडबा टाकून त्यातील बराचसा पायदळी तुडवू द्यावा, हा अनुभव शेतकऱ्यांना नवा नाही.

अलीकडे काही गावांतून ही अडचण गावातच दूर होऊ लागली आहे. राजकोट, बटाला अशा ठिकाणी तयार होणारे लहान लेथ ग्रामीण भागातही येऊन पोचले आहेत. १९५० साली सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेत टर्नरचे काम शिकवले जाते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून ते शिकून आलेला तरुण घराच्या पडवीत असा लेथ मांडून बसला, तर बुश, पिना, वॉशर, स्पेसर अशी कामे शेजारच्या शेतकऱ्यांना त्याच दिवशी मिळू शकतात. मात्र अशा लहान लेथवर एक काम असे आहे की, तेथे नवशिक्याची गाडी हमखास अडते. ते म्हणजे तयार झालेला जॉब मूळ गजापासून कापून वेगळा करणे. कारखान्यात यालाच पार्टिंग म्हणतात.

यात खरी अडचण अशी की, हे काम सर्वांत शेवटी येते. गज चकात धरून त्याचे तोंड सपाट केलेले असते, भोक पाडून ते मापात मोठे केलेले असते, बाहेरचा व्यासही काट्यावर आणलेला असतो. दोन तासांची मेहनत आणि गनमेटलसारखा महाग धातू खर्ची पडलेला असतो. आता एकच काप राहिला, असे म्हणून कारागीर पाते पुढे सरकवतो. लेथ किंचाळू लागतो, पाते जॉबमध्ये रुतते, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच हत्यार मोडते किंवा जॉब चकातून उखडून वाकडा होतो. शेतकरी दारात बसलेला असतो आणि त्याला रिकाम्या हाताने परत पाठवावे लागते. पुढे तो कारागीर पार्टिंगचे नावच टाकतो व प्रत्येक तुकडा करवतीने कापू लागतो. वास्तविक, कारणे समजून घेतली तर हा काप लहान लेथवरही स्वच्छ घेता येतो.

हा काप अवघड का

साधे बाहेरून कातताना हत्यार जाड असते आणि निघणारा कीस मोकळ्या जागी पडतो. नांगराने उलटलेली माती जशी तासाच्या बाजूला पडते तसाच हा प्रकार होय. पार्टिंगचे काम याउलट विहीर खोदण्यासारखे आहे. जेवढे खोल जावे तेवढी अरुंद जागेतून प्रत्येक पाटी वर काढावी लागते. पात्याची रुंदी तेवढीच खाचेची रुंदी आणि तेवढीच किसाचीही रुंदी. कीस किंचित जरी आडवा झाला तरी तो खाचेच्या भिंतींत अडकतो, त्यावर पुढचा कीस येऊन दाटतो आणि पाते जाम होते.

दुसरे कारण पात्याच्या आकारात आहे. खोलवर जावयाचे म्हणून पाते टूलपोस्टच्या बाहेर लांब काढावे लागते, आणि खाच अरुंद ठेवावयाची म्हणून ते पातळही असावे लागते. एका टोकाला पकडलेली पट्टी दुसऱ्या टोकाला दाबली असता किती वाकते याचा हिशेब ठरलेला आहे. तोच दाब असताना बाहेर निघालेली लांबी दुप्पट केली तर वाक आठपट होतो. जाडी निम्मी केली तर त्या बाजूचा वाकही आठपट होतो. म्हणजे १० मिलीमीटर बाहेर असलेले पाते निष्काळजीपणाने २० मिलीमीटर बाहेर काढले, तर ते आठपट लेचेपेचे झाले. या कामातील बहुतेक अपयशाचे मूळ या एका हिशेबात सापडते.

तिसरे कारण लेथचे. मोठ्या कारखान्यातील लेथ वजनदार असतो, त्याचे स्पिंडल जाड व बेअरिंगे घट्ट असतात. घरगुती लेथवर सेंटरची उंची पुष्कळदा ९० मिलीमीटरच्या आसपासच असते आणि त्याच्या सरकत्या भागांत कोठे ना कोठे थोडी ढिलाई राहून गेलेली असते. बाहेरून हलका काप घेताना ती ढिलाई जाणवत नाही. पार्टिंगचे पाते मात्र तिला लगेच शोधून काढते.

पाते कसे असावे

२५ ते ४० मिलीमीटर व्यासाच्या कामासाठी लहान लेथवर दीड ते दोन मिलीमीटर रुंदीचे हायस्पीड स्टीलचे पाते योग्य ठरते. तीन मिलीमीटर रुंदीचे पाते मजबूत खरे, पण त्याला धातू कापण्यासाठी जोर अधिक लागतो आणि लहान लेथला तो झेपत नाही. पात्याची धार सर्वांत रुंद असली पाहिजे. धारेच्या मागे दोन्ही बाजूंनी व खालच्या अंगाला ते किंचित निमुळते असावे. प्रत्येक बाजूस एक ते दोन अंशांचा उतार पुरेसा होतो. हा उतार नसेल तर पात्याच्या बाजू खाचेच्या भिंतींना घासतात. समोरच्या बाजूस धारेखाली सहा ते आठ अंशांचा उतार द्यावा. वरच्या पृष्ठभागाला मृदू पोलादासाठी पाचएक अंशांचा मागे उतरता कोन चालतो. पितळ व गनमेटल यांच्यासाठी मात्र तो अजिबात देऊ नये, पृष्ठभाग सपाट ठेवावा. कारण या धातूंत उतरता कोन असलेले हत्यार आपण होऊन आत ओढले जाते.

बाजारात तयार पाती मिळतातच. ज्यांना ती परवडत नाहीत असे कारागीर मोटरवर चालणाऱ्या करवतीचे मोडके जाड पाते घासून पार्टिंगचे हत्यार बनवतात, आणि ते उत्तम चालते. यात एकच खबरदारी घ्यावी. काही करवतींत फक्त दातांची कडा हायस्पीड स्टीलची व पाठ साध्या पोलादाची असते. दात घासून टाकले की अशा पात्यात उपयोगाचे काहीच उरत नाही. संपूर्ण कठीण असलेले पातेच या कामाला निवडावे. सहाणेवर घासताना चष्मा लावावा हे सांगावयास नको.

धार सरळ असावी की तिरकी, याबद्दल कारागिरांत मतभेद आढळतात. भरीव गज सरळ धारेने कापला तर सुटणाऱ्या तुकड्याच्या मध्यभागी एक बारीक बोंड शिल्लक राहते. धार किंचित तिरकी करून टेलस्टॉककडील कोपरा पुढे ठेवला, तर तुकडा स्वच्छ सुटतो आणि बोंड चकातील गजावर राहते. परंतु तिरकी धार खोल गेल्यावर पात्याला बाजूला ढकलते आणि कापलेले तोंड सपाट न राहता खोलगट किंवा फुगीर होते. म्हणून खोल कापासाठी सरळ धारच बरी. बुशाची भिंत पातळ असते, तेथे तिरकी धार वापरण्यास हरकत नाही.

हत्यार बसवताना

निम्मे यश येथे ठरते. घाईने बसवलेले पाते पुढे कितीही कौशल्याने चालवले तरी उपयोग होत नाही.

सर्वप्रथम धारेची उंची स्पिंडलच्या मध्याशी बरोबर जुळली पाहिजे. धार वर राहिली तर तिच्या खालचा भाग जॉबला घासू लागतो, कापणे थांबते आणि जॉब तापतो. धार खाली राहिली तर भरीव गजाच्या शेवटी बोंड उरते, आणि बारीक झालेला तो भाग पात्यावर चढून बसतो. पाते मोडते ते पुष्कळदा याच क्षणी. उंची तपासण्यासाठी महाग साधनाची गरज नाही. लेथ बंद ठेवून पोलादी मोजपट्टी जॉब व धार यांच्यामध्ये उभी धरावी आणि पाते अगदी हलकेच पुढे आणून ती चिमटीत पकडल्यासारखी धरावी. पट्टी ओळंब्यात उभी राहिली तर धार मध्यावर आहे. पट्टीचे वरचे टोक कारागिराच्या अंगाकडे झुकले तर धार खाली आहे, आणि जॉबच्या पलीकडे झुकले तर धार वर आहे. फरक काढण्यासाठी पात्याखाली पत्र्याच्या पातळ पट्ट्या घालाव्यात. कागद किंवा पुठ्ठा घालू नये, तो दाबाखाली दबतो.

त्यानंतर पाते जॉबच्या अक्षाशी काटकोनात आहे की नाही ते पाहावे. चकाचे तोंड स्वच्छ पुसून पात्याची बाजू त्याला टेकवली की काटकोन साधतो. डोळ्याच्या अंदाजावर येथे विसंबू नये. पाते एक अंशाने तिरके असले तरी १० मिलीमीटर खोलीवर त्याची बाजू भिंतीला घासू लागते.

पाते बाहेर किती काढावे याचा नियम सोपा आहे: जेवढे कापावयाचे तेवढे अधिक दोन-तीन मिलीमीटर. भरीव गजासाठी ही खोली व्यासाच्या निम्मी. बुशासाठी फक्त भिंतीच्या जाडीएवढी.

काप चकाच्या शक्य तितका जवळ घ्यावा, जबड्यांपासून चार-पाच मिलीमीटरवर. जॉब चकाबाहेर लांब निघालेला असेल आणि काप त्याच्या टोकाशी घ्यावयाचा असेल, तर पार्टिंगचा नाद सोडून करवत वापरलेली बरी. टेलस्टॉकच्या सेंटरने आधार देऊन जॉब पूर्णपणे कापण्याचा मोह काही जणांना होतो. ही रीत घातक आहे. काप संपत आला की दोन्हीकडून दाबलेला तुकडा आडवा होतो आणि पाते त्यात चिरडले जाते. आधार देणे भागच असेल तर मध्ये तीनएक मिलीमीटर जाडीची मान शिल्लक ठेवून लेथ थांबवावा व ती मान हाताच्या करवतीने कापावी. तोपर्यंत लेथच्या बैठकीवर लाकडी फळी ठेवावी, म्हणजे करवत घसरली तरी बैठकीला ओरखडा पडत नाही. करवतीचा आधार घेण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. जाणते टर्नरही मोठ्या व्यासाच्या कामात हेच करतात.

शेवटी ढिलाईचा बंदोबस्त. सॅडल बैठकीला घट्ट करून टाकावे. वरच्या स्लाइडचा या कामात उपयोग नाही, म्हणून ती मागे घेऊन घट्ट करावी. क्रॉस स्लाइडच्या जिबचे स्क्रू इतके आवळावेत की हातचाक फिरवताना थोडे जड जाणवेल. ज्याचा लेथ किंचाळतो त्याने हत्याराला दोष देण्यापूर्वी हे स्क्रू तपासावेत.

गती, रेटा आणि तेल

पार्टिंगची गती साध्या कातकामाच्या निम्मी किंवा त्याहून कमी ठेवावी. हायस्पीड स्टीलच्या पात्याने मृदू पोलाद मिनिटाला सुमारे १२ मीटर, बीड सुमारे १० मीटर आणि गनमेटल सुमारे २० मीटर या वेगाने कापावे. या वेगावरून फेरे काढण्याचा हिशेब असा: वेगाला ३२० ने गुणावे व जॉबच्या मिलीमीटरमधील व्यासाने भागावे. २५ मिलीमीटरच्या पोलादी गजासाठी १२ गुणिले ३२० भागिले २५, म्हणजे मिनिटाला सुमारे १५० फेरे होतात. पाते आत जाईल तसा व्यास कमी होतो आणि त्याबरोबर कापण्याचा वेगही उतरतो. निम्म्या वाटेवर तो निम्मा झालेला असतो. म्हणून सुरुवातीला गती थोडी कमी वाटली तरी चिंता करू नये, पण मध्येच ती वाढवण्याच्या भानगडीतही नवशिक्याने पडू नये.

काही नव्या लहान लेथवर बटण फिरवून गती कमीजास्त करता येते. अशा यंत्रांत नुसते बटण फिरवून फेरे कमी केले तर मोटरची ताकदही घटते आणि काप चालू असताना ती अडकते. त्याऐवजी पट्टा किंवा गिअर खालच्या टप्प्यावर घ्यावा व मग बटणाने बारीक जुळवणी करावी.

पाते पुढे रेटण्याच्या बाबतीत एक विपरीत गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एकदा पाते मोडले की कारागीर ताकही फुंकून पिऊ लागतो. तो भीत भीत, थांबत थांबत हातचाक फिरवतो. पार्टिंगमध्ये नेमकी हीच सावधगिरी घात करते. रेटा फार कमी पडला तर धार धातू न कापता त्यावर घासत राहते, पृष्ठभाग कठीण बनतो, पाते कंप पावू लागते आणि किंकाळी सुरू होते. अशा वेळी नवशिका हात आणखी हलका करतो व रोग वाढवतो. खरा उपाय उलटा आहे: गती कमी करावी आणि रेटा थोडा वाढवावा. दर फेऱ्याला पाव ते अर्धा दशांश मिलीमीटर, म्हणजे ०.०२५ ते ०.०५ मिलीमीटर, एवढे पाते सतत पुढे जात राहिले पाहिजे. त्यासाठी हातचाक दोन्ही हातांनी, मुळीच न थांबता, एकसारखे फिरवावे.

पोलाद कापताना खाचेत तेल सतत पडत राहिले पाहिजे. ब्रशने दर काही सेकंदांनी कापण्याचे तेल सोडले तरी चालते. ते संपले असेल तर घरातील खाद्यतेलावरही वेळ मारून नेता येते. मात्र नंतर लेथ स्वच्छ पुसावा, कारण हे तेल वाळून चिकट होते. इंजिनातून काढलेले काळे तेल वापरण्याची सवय काही ठिकाणी दिसते, ती सोडली पाहिजे. त्यातील घटक त्वचेला अपायकारक आहेत आणि दीर्घकाळच्या संपर्काने कर्करोगाचा धोका असतो. ॲल्युमिनियमसाठी रॉकेल चांगले, पण जवळ विडी किंवा दिवा नसावा. बीड, पितळ व गनमेटल कोरडेच कापावे.

कडबाकुट्टीच्या बुशाचे उदाहरण

समजा २५ मिलीमीटरच्या शाफ्टसाठी ४० मिलीमीटर बाहेरील व्यासाचा, ५० मिलीमीटर लांबीचा गनमेटलचा बुश करावयाचा आहे. तोंड सपाट करणे, भोक पाडणे, भोक व बाहेरचा व्यास मापात आणणे ही कामे झाली आहेत. भिंतीची जाडी साडेसात मिलीमीटर, म्हणून पाते १० मिलीमीटर बाहेर काढले. फेरे २० गुणिले ३२० भागिले ४०, म्हणजे मिनिटाला १६०. लांबीत अर्धा मिलीमीटर जास्त धरून पाते खुणेवर आणले.

प्रथम दीड-दोन मिलीमीटर खोल खाच घ्यावी व पाते बाहेर काढावे. आता दुसऱ्या हत्याराने बुशाच्या कडेची धार मोडून तेथे लहानसा उतार घ्यावा. बुश सुटल्यावर हीच कड बोथट करण्यासाठी तो पुन्हा धरावा लागतो आणि पॉलिश झालेल्या अंगावर जबड्यांचे वळ उठतात, ते टळते. मग पाते पुन्हा खाचेत घालून काप पुढे न्यावा. दर फेऱ्याला ०.०५ मिलीमीटर रेटा धरला तर मिनिटाला आठ मिलीमीटर, म्हणजे सारे काम एका मिनिटाच्या आत संपते. एवढ्या मिनिटभराच्या कामासाठी बसवणीला पंधरा मिनिटे लागली तरी ती सत्कारणी लागली असे समजावे.

सुटणारा बुश खाली पडून चेपू नये म्हणून टेलस्टॉकच्या ड्रिल चकात एक बारीक सळई धरून तिचे टोक बुशाच्या भोकात मोकळे सोडून ठेवावे. बुश सुटला की तो सळईवर अलगद लोंबतो. तो हाताने झेलण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

भिंत जाड असेल किंवा गज भरीव असेल, तर आणखी एक युक्ती कामी येते. काही मिलीमीटर आत गेल्यावर पाते बाहेर घ्यावे, सॅडल सोडून ते अर्धा मिलीमीटर बाजूला सरकवून पुन्हा घट्ट करावे, आणि तेवढ्याच खोलीपर्यंत दुसरा काप घ्यावा. खाच पात्यापेक्षा रुंद झाल्याने कीस मोकळेपणी बाहेर येतो व बाजू घासत नाहीत. यात थोडा धातू अधिक वाया जातो हे खरे, पण एक मोडलेले पाते त्याहून महाग पडते.

काप नीट चालला आहे की नाही हे कानाने ओळखता येते. फोडणीत कांदा पडल्यावर येतो तसा एकसारखा चर्र आवाज पोलाद कापताना यावा, आणि कीस घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळी होऊन बाहेर पडावा. गनमेटल व बिडाचा कीस मात्र बारीक भुग्याच्या रूपाने पडतो, तेथे गुंडाळीची वाट पाहू नये. आवाज तीक्ष्ण झाला तर धार बोथट, गती जास्त किंवा काही तरी ढिले आहे. आवाज एकाएकी जड झाला तर खाचेत कीस दाटला आहे. पाते ताबडतोब मागे घ्यावे.

पाते रुतून लेथ अडकलाच तर प्रथम मोटर बंद करावी. मोटर उलटी फिरवून पाते सोडवण्याचा प्रयत्न करू नये. अनेक लहान लेथवर चक आट्यांनी बसवलेला असतो. उलट्या फेऱ्याने तो सुटून अंगावर येऊ शकतो. पट्ट्याची कप्पी हाताने थोडी मागे फिरवून पाते मोकळे करावे आणि मग क्रॉस स्लाइड मागे घ्यावी.

पाठीमागचा टूलपोस्ट

जे कारागीर बुश, वॉशर यांसारखी कामे वरचेवर करतात त्यांनी क्रॉस स्लाइडच्या मागल्या बाजूस दुसरा टूलपोस्ट बसवून घ्यावा व त्यात पार्टिंगचे पाते उलटे, म्हणजे धार खाली करून, पकडावे. ब्रिटनमध्ये घरगुती लेथवर काम करणारा हौशी कारागिरांचा मोठा वर्ग आहे, आणि १८९८ साली निघालेले ‘मॉडेल इंजिनियर’ हे नियतकालिक त्यांच्यासाठीच चालत आले. त्या वर्गात ही रीत फार लोकप्रिय झाली. जॉर्ज थॉमस यांनी मायफर्ड लेथसाठी आखलेला असा टूलपोस्ट विशेष प्रसिद्ध आहे.

ही रीत यशस्वी होण्याची कारणे साधी आहेत. समोरून कापताना जॉब पात्याला खाली दाबतो. पात्याखालचे भाग किंचित झुकले की धार पुढे, जॉबच्या पोटात शिरते. ती जितकी शिरते तितका दाब वाढतो आणि दाब वाढेल तशी ती आणखी शिरते. त्याच वेळी जॉबला वर उचलणारा रेटा मिळून स्पिंडल बेअरिंगमध्ये उचलले जाते. पाठीमागून उलट्या पात्याने कापताना पात्यावरचा दाब वरच्या दिशेने येतो. टूलपोस्ट किंचित मागे झुकला तरी धार जॉबापासून दूर जाते आणि दाब आपोआप उतरतो. स्पिंडल खाली, आपल्या पक्क्या बैठकीवर दाबले जाते. शिवाय कीस आपल्याच वजनाने खाली गळून पडतो. बिडाचा किंवा पोलादाचा एक ठोकळा, त्यात पात्यापुरती खाच आणि दोन-तीन बोल्ट, एवढ्यावर असा टूलपोस्ट त्याच लेथवर तयार करता येतो. क्रॉस स्लाइडवर मागे जागा व बोल्टसाठी खाच आहे की नाही हे लेथ विकत घेतानाच पाहून ठेवावे.

जिवाची काळजी

लेथ लहान असला तरी बोट मोडण्याइतकी ताकद त्यात असते. खांद्यावरचे उपरणे, सैल बाह्या, मनगटातील धागा किंवा कडे, हातमोजे यांपैकी काहीही लेथजवळ नसावे. कीस हाताने ओढू नये. तो धारदार असतो आणि फिरता जॉब त्यासकट बोट आत ओढतो. वाकवलेल्या तारेचा आकडा किंवा ब्रश वापरावा, तोही लेथ थांबवून. डोळ्यांवर चष्मा असावा. मोडलेल्या पात्याचा तुकडा कोणत्या दिशेने उडेल याचा नेम नसतो, म्हणून काप चालू असताना पाहणाऱ्यांना, विशेषतः मुलांना, जवळ उभे राहू देऊ नये.

खेड्यातील विजेचा विचार येथे वेगळा करावयास हवा. व्होल्टेज उतरलेले असेल तर मोटर कापाचा भार घेऊ शकत नाही. अशा वेळी पार्टिंग पुढे ढकलावे. काप चालू असतानाच वीज गेली तर पुष्कळ जण लेथ तसाच सोडून उठतात. वीज परत आली की खाचेत रुतलेल्या पात्यासह लेथ कोणी जवळ नसताना सुरू होतो. वीज जाताच आधी बटण बंद करावे, मग पाते बाहेर काढावे, आणि नंतर हवे तर चहाला जावे.

शेतकऱ्याने काय आणावे

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना एवढे अवश्य सांगावे की, बुश करून घेण्यासाठी केवळ जुना बुश नेऊन भागत नाही. झिजलेल्या बुशाचे माप खोटे असते. त्याबरोबर शाफ्ट, आणि शक्य असेल तर बुश ज्यात बसतो तो भागही न्यावा. शाफ्टच जर एका बाजूने झिजून लंबगोल झाला असेल, तर नवा बुश घालून महिनाभरात पुन्हा तीच तक्रार उद्भवते. आधी शाफ्ट दुरुस्त करावा, मग बुश करावा.

कापून निघालेल्या बुशाच्या आतील कडेवर बारीक धारदार कोर राहते. ती निमुळत्या कानशीने किंवा खरवडणीने काढून टाकावी, नाही तर तीच कोर शाफ्टवर ओरखडे पाडते. राखलेली अर्धा मिलीमीटर जास्तीची लांबी तोंड सपाट करून काढावी. तोंड तिरके असलेला बुश ठोकताना तिरकाच आत शिरतो व बसण्याची जागा खराब करतो. म्हणूनच स्वच्छ कापाला एवढे महत्त्व आहे. बुश हातोडीने थेट ठोकू नये. शिकंज्यात धरून किंवा लाकडी ठोकळा मध्ये ठेवून तो सरळ दाबावा. घट्ट बसलेल्या बुशाचे भोक दाबामुळे किंचित आवळते. यासाठी लेथवर भोक शेवटच्या मापापेक्षा थोडे कमी ठेवून, बुश जागेवर बसल्यानंतर ते रीमरने मापात आणावे, शाफ्ट हाताने सहज फिरतो याची खात्री करावी, आणि तेलाचे भोक पाडून त्यात तेल सोडल्यावरच यंत्राला कडबा लावावा.